घर विकायला काढण्याआधी

जुने घर विकायचे ठरले की आपल्याकडे पहिल्यांदा बोलावणे जाते ते दलालाला आणि दुसऱ्यांदा रंगाऱ्याला. घर तपासणाऱ्या माणसाला कोणी बोलावत नाही. आम्हीही बोलावणार नव्हतो. २०२४ च्या जानेवारीत आमच्यावर घर विकण्याची वेळ आली, तेव्हा जे घडले ते वाचक बंधू-भगिनींपुढे जसेच्या तसे ठेवत आहोत. कोणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढीच इच्छा.

घर अंबरनाथच्या पूर्वेला. तळमजला अधिक तीन मजले, सोळा बिऱ्हाडे, १९९३ साली बांधून झालेली इमारत. लिफ्ट नाही. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढे छोटी गॅलरी. आबा रेल्वेत खलाशी होते. त्यांनी फंडातून पैसे काढले, पतपेढीचे कर्ज घेतले आणि हे घर केले. आमचे शिक्षण, ताईचे लग्न, आबांचे शेवटचे आजारपण, सारे याच घरात झाले. आबा गेले आणि पुढे आईच्या गुडघ्यांनी दगा दिला. बावन्न पायऱ्या. दवाखान्यात न्यायचे तर खुर्चीत बसवून दोघांनी उचलून उतरवावे लागे. शेवटी ठरले की हे घर विकायचे आणि जवळपास तळमजल्यावर लहानसे घर पाहायचे.

दलाल आला. घरभर फिरला. झोपायच्या खोलीत लोखंडी कपाटामागे भिंतीला ओल होती, स्वयंपाकघराच्या छताला काळपट डाग होता. त्याने पाहिले आणि हसून म्हणाला, "काही काळजी करू नका साहेब. पट्टी मारून रंग काढा. छताला पीओपी करून घ्या, डाग दिसणार नाही. पस्तीस हजारांत घर नवं होईल. पण एक करा, मेच्या आत सौदा उरका. पाऊस पडला की भाव पडतो."

त्याचे म्हणणे आम्हाला पटले. खोटे कशाला सांगा, त्या रात्री आम्ही रंगाच्या डब्यांचा हिशोबसुद्धा मांडला होता.

पण झोप लागेना. त्याला कारण होते. त्याच्या दोनच वर्षे आधी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असेच रंगवलेले घर एप्रिलमध्ये घेतले होते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि पीओपीचा मोठा तुकडा पाण्याने फुगून खाली आला. पोरांची दप्तरे भिजली. नशीब की पोरे शाळेत होती. त्यांचे अर्ज आम्हीच लिहून दिले होते. संस्थेच्या कार्यालयात, वकिलाकडे त्यांच्याबरोबर फेऱ्या मारल्या होत्या. त्या घर विकणाऱ्याला आम्ही चार माणसांत काय काय बोललो होतो, ते सगळे आता आठवू लागले. आज दलाल आम्हाला जे करायला सांगत होता, ते त्या माणसाने केले होते त्याहून काय वेगळे होते?

सकाळी ताईला फोन केला. ताई अंगणवाडीत सेविका आहे. घर आबांच्या कमाईचे, त्यामुळे त्यात आई, ताई आणि आम्ही असे तिघांचे सारखे हिस्से. आपल्याकडे घर विकताना बहिणीला फक्त सहीपुरते बोलावतात, तसे आम्हाला करायचे नव्हते. सारे ऐकून ताई म्हणाली, "आधी घराला नेमकं काय झालंय ते तरी बघ. आपल्यालाच माहीत नाही, तर घेणाऱ्याला काय सांगशील?"

साधी गोष्ट होती, पण आमच्या ध्यानात आली नव्हती. तीस वर्षे घरात राहूनही घराची तब्येत आम्हाला माहीत नव्हती. डाग दिसत होते, दुखणे कुठे आहे ते ठाऊक नव्हते.

आबांच्या सोबत्याचा मुलगा सिव्हिल इंजिनिअर आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचेच काम करतो. त्याला बोलावले. तो फुकट यायला तयार होता, पण आम्ही पाच हजार रुपये फी ठरवून दिली. फुकटच्या सल्ल्यात भीड असते. पैसे दिले की माणूस स्पष्ट बोलतो. रविवारी सकाळी जयभीम घालून तो आत आला. पिशवीत छोटी हातोडी, विजेरी, टेस्टर, होल्डरला लावलेला दिवा आणि एक वही. एवढ्या सामानावर त्याने तीन तास घर तपासले.

सुरुवात त्याने न्हाणीघरापासून केली. नहाणी ट्रॅपचे तोंड फडक्याने घट्ट बंद केले, दोन इंच पाणी साठवले आणि सौ.कडे कपड्यांची नीळ मागितली. ती पाण्यात ढवळली आणि म्हणाला, "काका, उद्या सकाळपर्यंत कोणी आत जायचं नाही. आंघोळी शेजारी करा." दुसऱ्या दिवशी कपाट बाजूला ओढून पाहिले, तर भिंतीच्या पायथ्याशी निळसर छटा. खाली जाऊन शेजाऱ्यांचे दार वाजवले. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला निळे थेंब लोंबत होते. ते शेजारी चार वर्षे आम्हाला सांगत होते की पाणी तुमच्याकडून येते. आम्ही त्यांना चार वर्षे सांगत होतो की तुमचा पाइप फुटला असेल. त्या दिवशी मान खाली घालून त्यांची माफी मागितली. ज्या ओलीला आम्ही एवढे घाबरलो होतो, ती नहाणी ट्रॅपच्या सुटलेल्या सांध्याची निघाली. ट्रॅप बदलून खाली जलरोधक थर दिला की काम संपणार होते.

स्वयंपाकघरातला डाग मात्र गच्चीचा. तिथे हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला. चांगले काँक्रीट खणखणीत वाजते आणि सुटलेले बद्द वाजते, हे आम्हाला तेव्हा कळले. त्याने समजावून सांगितले : पाणी आत मुरले की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो फुगून आतून काँक्रीट ढकलतो, मग तडा जातो आणि पोपडा पडतो. अशा जागी नुसता गिलावा मारला, तर आत गंज चालूच राहतो. पोपडा खरवडून, गंज साफ करून, सळईला गंजरोधक थर देऊन मगच नवा मसाला भरायचा. आणि त्याच्याही आधी वरचे पाणी बंद करायचे. पीओपी केले असते तर हे सारे झाकले गेले असते. घेणाऱ्याला दिसले नसते आणि पडले असते ते त्याच्याच डोक्यावर.

मग वीज. मीटरपाशी जुना किटकॅट फ्यूज. गिझरच्या बोर्डाला तीन पिना होत्या, पण अर्थिंगची तार मागे कुठेच जोडलेली नव्हती. त्याने फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावला, दिवा पेटला नाही. वर्षानुवर्षे आम्ही ओल्या फरशीवर उभे राहून तो गिझर चालू-बंद करत होतो.

शेवटी गॅलरी. इथे सांगण्यासारखे काही असेल असे आम्हाला वाटलेच नव्हते. गॅलरी म्हणजे आमच्या घराची शोभा. घर पाहायला येणाऱ्यांना आधी तीच दाखवायची, असे दलालही म्हणाला होता. पाणी एक दिवसाआड येऊ लागले तेव्हा, २००९ साली, आम्हीच तिथे कोपऱ्यात पाचशे लिटरची टाकी बसवली होती. उरलेल्या जागेत आईची चटई. दुपारी तांदूळ निवडत, रस्त्यावरच्या बायांशी बोलत ती तिथेच बसायची. खाली उतरता येत नाही म्हणून तेवढेच तिचे बाहेरचे जग.

त्याने टाकीच्या मागे विजेरी मारली. गॅलरी घराला जिथे मिळते, तिथली एक फरशी हलत होती. ती उचलली. खाली भिंतीला समांतर सरळ तडा होता आणि तड्यातून गंजाचे तांबडे पाणी. तो उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, टाकी आत्ताच रिकामी करा. आणि आजींनी आजपासून इथे बसायचं नाही."

आम्हाला काही समजेना. मग त्याने सांगितले. खोलीचा स्लॅब भिंतींवर टेकलेला असतो. त्याची मुख्य सळई खालच्या बाजूला असते. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते, पुढे अधांतरी. तिची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, फरशीच्या लगेच खाली. वर पाणी साचले की तीच आधी गंजते, आणि खालून पाहिले तर काहीच दिसत नाही. त्यात टाकीचे वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाचशे लिटर म्हणजे पन्नास किलोची दहा पोती, आम्ही पंधरा वर्षे त्या अधांतरी कडेवर ठेवली होती. आणि त्या पोत्यांशेजारी आमची आई बसत होती.

आईला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मला वाटलं, घर विकायचंय म्हणून तपासतोयस." त्या दिवशी तिची चटई खिडकीपाशी आणली. आम्हाला मात्र दोन दिवस जेवण गेले नाही.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली. ती इमारत काही आमच्या इमारतीइतकी जुनीही नव्हती. महाडचे नाव आपल्या घराघरांत किती आदराने घेतले जाते, म्हणून ती बातमी तेव्हा मनाला जास्तच लागली होती. बातमी वाचून आम्ही हळहळलो, चर्चा केली, पण मान वर करून आपले छत काही पाहिले नाही.

वास्तविक सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत याची तरतूद आहे. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांच्या पुढची असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे. आमच्या संस्थेने ते एकदाही केले नव्हते, आणि त्या संस्थेच्या हिशोबाच्या वह्या आम्ही स्वतः सहा वर्षे लिहिल्या होत्या! पै-पैचा ताळेबंद जुळवला, पण ज्या इमारतीसाठी वर्गणी गोळा होते, त्या इमारतीचा ताळेबंद कधी मांडलाच नाही. आम्ही बी.कॉम. झालेली माणसे. देणे वहीत दाखवले नाही म्हणून ते फिटत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होते.

सर्वसाधारण सभा बोलावली. दोघे-तिघे म्हणाले, "इतिवृत्तात लिहू नका, सगळ्यांचेच भाव पडतील." आम्ही आधी स्वतःच्या गॅलरीची गोष्ट सांगितली, टाकी आम्हीच ठेवली हेही सांगितले. मग खालच्या मजल्यावरच्या ताई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गॅलरीतपण टाकी आहे." एकामागून एक सात हात वर झाले. त्यानंतर भावाचा विषय कोणी काढला नाही. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ऑडिट करून घेण्याचा ठराव झाला. इमारत दुरुस्तीने सावरेल, असा अहवाल आला. गच्चीचे काम संस्थेने हाती घेतले. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या मजल्याचे छत खराब झाले, तर ते दुरुस्त करणे उपविधीप्रमाणे संस्थेचेच काम असते, हे पुष्कळ सभासदांना माहीत नसते. न्हाणीघराच्या आतली गळती मात्र ज्याची त्याने पाहायची.

खालून टेकू देऊन गॅलरी तोडली, सळया बदलल्या, नवे काँक्रीट भरले. टाकी ठेवण्याची चूक आमची, म्हणून त्याचा अर्धा खर्च, एकोणचाळीस हजार, आम्ही दिला. न्हाणीघराला साडेअठरा हजार गेले. अर्थिंग, नवा बोर्ड आणि विजेचा झटका बसताच प्रवाह तोडणारे स्विच याला नऊ हजार दोनशे. तपासणीची फी धरून एकूण एकाहत्तर हजार सातशे. दलालाच्या रंगाच्या दुप्पट. ताईला आकडा सांगताना जीभ अडखळली, कारण तिसरा हिस्सा तिचाही जाणार होता. ती म्हणाली, "आबांनी घर केलं तेव्हा माझ्या शाळेच्या फीला पैसे नव्हते. तेव्हा मी सोसलंच ना? आताही सोसते. पण कुणाचा तळतळाट नको."

मग आम्ही दोन पानांचा कागद केला. काय बिघडले होते, काय दुरुस्त केले, कोणी केले, त्याच्या पावत्या आणि काय अजून बाकी आहे. बाकीमध्ये लिहिले : गच्चीचे काम झाले आहे, पण ते पाऊस पडल्याशिवाय पारखता येणार नाही, स्वयंपाकघराचा कोपरा पहिल्या पावसात पाहावा. दलालाने तो कागद वाचला आणि डोक्याला हात लावला. "साहेब, गिऱ्हाईक पळेल." आम्ही त्याला सांगितले की हा काही आमचा मोठेपणा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ आहे. जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे म्हणजे फसवणूक. नव्या घरासाठी २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. तीस वर्षांच्या घराला बिल्डर कुठून आणायचा? तिथे बोलायचे ते विकणाऱ्यानेच.

दलालाचे म्हणणे अर्धे खरे झाले. दोन गिऱ्हाइके कागद पाहून गेली ती आलीच नाहीत. त्या दिवसांत आमचीही हिंमत खचत होती, कारण तळमजल्याच्या घराला आम्ही बयाणा देऊन बसलो होतो. तिसऱ्यांदा एक तरुण जोडपे आले. नवरा टेम्पो चालवतो, बायको घरी शिलाई करते, आजवर भाड्याच्या खोलीत राहिलेले. त्या बाईंनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, "भाऊ, ती नीळ टाकून पुन्हा दाखवता का?" आम्हाला बरे वाटले. त्यांच्यादेखत पाणी साठवले, नीळ टाकली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन छत पाहून आल्या. कोरडे होते. तेवीस लाख सांगितले होते, स्वयंपाकघराच्या कोपऱ्याबद्दल साठ हजार कमी केले आणि बावीस लाख चाळीस हजारांना व्यवहार ठरला. दोन पानांचा कागद करारनाम्याला जोडला, त्यावर आई, ताई, आम्ही आणि त्या दोघांच्या सह्या झाल्या. त्यांच्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस आला, दहा मिनिटांत माप घेऊन, फोटो काढून गेला. त्याने ना फरशी हलवून पाहिली, ना छत ठोकले. त्याचे काम कर्जापुरती किंमत ठरवण्याचे. बँकेने घर पाहिले म्हणजे घर तपासले, असे कोणी समजू नये.

वाचकहो, आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात आईबापाच्या आयुष्यभराच्या घामाचे एवढे एकच घर असते, आणि ते विकत घेणाराही बहुधा आपल्यासारखाच, फंड आणि कर्ज एक करून आलेला असतो. म्हणून घर विकायला काढण्याआधी रंगाऱ्याच्या अगोदर तपासणाऱ्याला बोलवा. न्हाणीघरात पाणी साठवून पाहा. छत ठोकून पाहा. अर्थिंग तपासा. गॅलरीत किंवा न्हाणीघराच्या माळ्यावर टाकी असेल तर ती तिथे ठेवण्याजोगी आहे का, ते जाणकाराला विचारा. संस्थेच्या सभेत ऑडिटचा विषय काढा. आणि आमचे ऐकाल तर विकायची वाटसुद्धा पाहू नका. घरात आपली माणसे राहत आहेत, तोवरच हे करा.

जुलैमध्ये पावसाची झड लागली होती, तेव्हा एका रात्री त्या बाईंचा फोन आला. नाव पाहून छातीत धस्स झाले. त्या म्हणाल्या, "भाऊ, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हातभर ओल आलीय. संस्थेला कळवलं, उद्या माणूस येतोय. बाकी घर कोरडं आहे. कागदावर लिहिलं होतं तेवढंच निघालं. आजींचे गुडघे कसे आहेत?"

आई तेव्हा नव्या घराच्या उंबरठ्यापाशी खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत होती.